थेंबभरसुद्धा नाही

कुणी जाड बूट घालून, हातात फाइल घेऊन आलं, की वस्तीचं उत्तर ठरलेलं असायचं : आम्हाला काही मिळालं नाही. हे शहाणपण फुकट आलेलं नव्हतं. मागे लोकांनी भोळेपणाने कबूल केलं होतं, की हो, खाणीकडून छपराचे पत्रे मिळाले; तर सुरुंगांनी तडकलेल्या भिंतींची भरपाई त्या पत्र्यांतच वळती झाली. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला होता.

म्हणून लाचलुचपतीचा तपास करणारे साहेब दारात आले आणि "खाणीच्या ठेक्यातला पाण्याचा टँकर येतो का इथे?" म्हणाले, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या थोरल्या सुनेने मशीनवरून नजर न काढता सांगितलं, "थेंबभरसुद्धा नाही." टँकरने भरलेलं पिंप तिच्या पाठीशीच होतं. त्यावर तिने साहेबांची चाहूल लागताच चादर टाकली होती.

शेजारची गवंडीणबाई तर एक पाऊल पुढे. "पाणी? आम्ही डोळ्यांतलं पुसतो आणि तेच पितो, साहेब."

साहेब गेल्यावर गल्ली पोट धरधरून हसली. टँकर चालवणारा, थोरल्या सुनेचा धाकटा दीरही हसला. "वहिनी, म्हणजे मी रोज हवा भरून आणतो म्हणा की."

आठवडा उलटायच्या आत त्याला पकडून नेलं. लाचलुचपतीच्या नव्या कायद्याखाली साहेब शोधत होते ते वस्तीच्या मुखियाने पाण्याच्या ठेक्यात खाल्लेले पैसे. पण प्रत्येक खेपेवर सही दिराची. वस्ती एकमुखाने म्हणते पाणी आलंच नाही, म्हणजे खेपा खोट्या आणि ड्रायव्हर चोरीत सामील. मुखिया छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात जाऊन पडला. टँकरला सील लागलं.

उरली विहीर. तिचं पाणी हंड्यात ठेवलं की तळाशी तांबूस थर बसे आणि वरचं निवळशंख दिसे. खरी भीती त्या निवळ पाण्याचीच होती, कारण त्यात विरघळलेलं विष डोळ्यांना दिसत नव्हतं. सासूच्या तळहातांवरचे खवले टँकर आल्यापासून कुठे मऊ पडायला लागले होते.

"तुझ्या जिभेने गेला माझा पोरगा," सासू म्हणाली. "जा, खरं सांगून ये."

ती गेली. साहेबांनी खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं.

"तेव्हा नाही म्हणालात, आज हो म्हणता. मधे कुणी भेटून गेलं का, ताई? मुखियाचा माणूस?"

"कुणी नाही. तेव्हा भरपाई बुडेल म्हणून खोटं बोलले."

"ड्रायव्हर तुमचा कोण?"

"दीर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला मुखिया हवाय, तुमचा दीर नको. पण घरच्या माणसाच्या शब्दावर तो सुटणार नाही. बाहेरच्या दोन घरांनी तरी पाणी घेतल्याचं सांगू दे."

गल्लीत परतून ती आधी गवंडीणबाईकडे गेली. बाई अंगणात भांडी घासत होती, तीही विहिरीच्याच पाण्याने.

"तो मला पोरासारखाच गं," बाई म्हणाली. "पण मागची भिंत बघितलीस ना? हात जातो आरपार. भरपाईवाले पुढच्या महिन्यात येणार. पाणी घेतलं म्हटलं की माझी भिंत त्या पाण्यातच धरतील."

"आणि हे पाणी पीत राहणार?"

"आधी पीतच होतो की."

पुढच्या घरी दार अर्धवटच उघडलं. त्यापुढच्या घरातली बाई, मालक कामावरून आले की विचारते, म्हणाली. तिथून पुढे तिने विचारणं सोडलं नाही, पण बायका ती येताना बघूनच घरात जायला लागल्या.

घरी सासू उंबऱ्यात वाट पाहत होती. "किती जण येताहेत?"

"कुणी नाही."

"मग मी येते. हे हात दाखवते त्याला. टँकरने काय फरक पडला ते सांगते." सासू पायांत चप्पल सरकवू लागली.

"आई, तुम्ही त्याची आई आहात. तुमचंही धरणार नाहीत."

एक चप्पल पायात, एक खाली, अशी सासू परत उंबऱ्यावर बसली.