मॅनेज

हंबीररावांनी लेकीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि लगेच परत बाहेर काढलं. समोर चिमणाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबले नव्हते, पण कान नवऱ्याकडंच होते.

तसं पत्रात वाईट काही नव्हतं. संयोगिताला पुण्यात देऊन दोन वर्षं झाली होती. नोकरी, घर, सासूचं आजारपण, सगळं व्यवस्थित चाललंय, असंच तिनं लिहिलं होतं. घोडं अडलं होतं ते एका शब्दावर. ‘घरच्यांना मॅनेज करते’, ‘ऑफिसात साहेबांना मॅनेज करते’ आणि शेवटी ‘काळजी करू नका आबा, सगळं मॅनेज होतं.’ दहा ओळींच्या पत्रात तीन वेळा.

आता हंबीरराव म्हणजे मंगळवार पेठेतले जुने पैलवान. इंग्रजीशी त्यांचा संबंध नव्हता, पण हा शब्द त्यांना चांगलाच ठाऊक होता. ज्यानं कुस्तीत आतून ठरवून पाठ टेकली, त्याला लोक ‘मॅनेज झाला’ म्हणायचे. एकदा का हा शब्द चिकटला, की त्या गड्याला कुठल्या जत्रेत कुणी विचारत नसे. तीस वर्षं हंबीररावांनी तो अंगाला लागू दिला नव्हता. आणि पोटची पोर तो तीनदा लिहिते, वर काळजी करू नका म्हणते!

“अवो, मॅनेजर झाली असंल,” चिमणाबाई म्हणाल्या.

हंबीररावांना क्षणभर बरं वाटलं. पण मॅनेजर झालेली बाई घरच्यांना कशाला मॅनेज करंल, हे कोडं सुटेना. ते उठून बाळासोकडं गेले. बाळासो प्रत्येक निवडणुकीत कुणाच्या ना कुणाच्या मागं असायचा. तो हसला. मतदार मॅनेज करतात, समोरचा उमेदवार मॅनेज करतात, त्यात काय एवढं, असं म्हणाला. कापडदुकानातल्या विरूपाक्षअण्णांनी चहा पाजला आणि सांगितलं, की गिऱ्हाईक मॅनेज करावंच लागतं, गोड बोलून नको ते गळ्यात मारावं लागतं. तिथून निघाले तेव्हा हंबीररावांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. मतदार ठीक, गिऱ्हाईक ठीक. पण पोरीनं साहेबाला मॅनेज करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हे कुणाला विचारायची त्यांना लाज वाटली.

त्याच तिरीमिरीत त्यांनी पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं आणि तिथल्याच बाकावर बसून लिहिलं:

‘मॅनेज करायचं आजपासून बंद. आपल्या घराण्यात हे कुणी केलं नाही आणि मी चालू देणार नाही. असली नोकरी नको, असलं सासर नको. सरळ घरी निघून ये.’

पत्र पेटीत पडलं आणि लगेच ते पेटीच्या फटीत डोकावून बघू लागले. आपलंच काही चुकलं तर? एसटीडी बूथवरनं फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण काचेआड बसलेल्या माणसासमोर बापानं लेकीला काय विचारायचं?

पाचव्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. संयोगिता उतरली. हातात एक बॅग होती. पोर निम्मी झाली होती, बांगड्या पार कोपराकडं सरकत होत्या. चिमणाबाई काही विचारायच्या आत ती बापापुढं येऊन उभी राहिली.

“कवापासनं चाललंय हे?” हंबीररावांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तेवढा कडक निघाला नाही.

“लग्न झाल्यापासनं.”

ती रडायला लागली. पहाटे चारला उठणं, सासूचं सगळं करून कामावर जाणं, आल्यावर पुन्हा चूल, त्यावर नवऱ्याची बोलणी, असं काय काय ती सांगत गेली. साहेबाच्या हातापाया पडून तासभर लवकर सुटायचं, म्हणजे संध्याकाळचं औषध चुकत नाही. हंबीरराव ऐकत राहिले. यात मॅनेज कुठं आलं, त्यांना समजेना.

“सगळी म्हणायची, थोडं मॅनेज कर. आईनंबी दिवाळीत तेच सांगितलं, जुळवून घे म्हणून.” तिच्या मुठीत त्यांचं पत्र चुरगळलं होतं. “तुम्ही एकटं म्हणालासा, करू नगंस. आबा, मी तर काहीच लिहिलं नव्हतं. तुम्हाला कळलं कसं?”

चिमणाबाई पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. हंबीररावांच्या तोंडाशी खरं ते आलं होतं. पण लेकीच्या चेहऱ्याकडं पाहून ते त्यांना बोलवेना.

“बापाला कळतंय की,” ते म्हणाले, आणि तिच्याकडं न बघता तिची बॅग उचलून आत निघाले.