समुद्रातल्या फरशा आणि सासूबाईंची घासणी

या, असे अलीकडे सरका. पाय लांब करायचे तर करा, पण कान इकडे असू द्या. देव कुठे आहे म्हणून विचारलं की आपल्या माना वर जातात. आजच्या गोष्टीत मान खाली घालून बघायचं आहे, समुद्राच्या तळाशी, आणि तिथून थेट एका घराच्या मोरीत. हसू आलं तर खुशाल हसा. जिच्यावर ही वेळ आली ती मात्र त्या दिवशी हसली नव्हती.

ती समुद्राची अभ्यासक. पोवळ्यांवर तिने डॉक्टरेट मिळवलेली, म्हणून सगळी वसाहत तिला डॉक्टरीणबाई म्हणे आणि कुणाचा गुडघा दुखला की तिच्याच दारात उभी राही. "अहो, मी माणसांची डॉक्टर नाही," हे सांगून सांगून तिच्या जिभेला घट्टे पडले होते. शेवटी "गरम पाण्याने शेका" म्हणून ती मोकळी व्हायची. नवरा बोटीवर. घरात ती आणि तिच्या सासूबाई, दोघीच.

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली पोवळ्यांचा एक मोठा खडक होता. मागे एका उन्हाळ्यात पाणी तापलं, पोवळी पांढरीफटक पडली आणि बरीचशी मेली. बंदरवाल्यांना तेवढंच हवं होतं. मोठी जहाजं आत यावीत म्हणून त्यांना तो खडक फोडायचा होता, आणि मेलेला दगड फोडायला कुणाची ना असणार? डॉक्टरीणबाई एकटी म्हणत होती, जुनी पोवळी गेली असतील, पण नवी येताहेत.

पोवळ्याचं पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढंही नसतं. पाण्यातून वाहत येतं, इथे बसू की तिथे करत फिरतं, आणि जागा मनाला आली की कायमचं बसतं. पुढे त्याला माहेरपण नाही. खडकावर ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बाईने तळाशी साध्या भाजलेल्या मातीच्या फरशा बोल्टांनी बसवून ठेवल्या होत्या. वर्षभरात फरशीच्या वरच्या अंगाला शेवाळ आणि गाळ चढतो. पिल्लं बसतात ती खालच्या, सावलीच्या, खडबडीत अंगाला. फरशा वर काढायच्या, हलक्या हाताने धुवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. पिल्लं असली तर खडक जिता आहे, नसली तर बंदरवाले म्हणतात तेच खरं.

आणि खडक फोडायचा की ठेवायचा हे ठरवणाऱ्या समितीने बैठक अचानक अलीकडे ओढली. कळवलं केव्हा, तर परवावर आल्यावर. बाईने धावतपळत बोट मिळवली, बुडी मारली, फरशा वर काढल्या आणि ओल्या कपड्यांनी प्रयोगशाळेच्या दाराशी आली, तर दाराला हे एवढं कुलूप. भांडारपाल चावी खिशात घालून भाचीच्या लग्नाला गेलेले. फोन लावला तर पलीकडे बँड वाजत होता.

"चावी! प्रयोगशाळेची चावी!" बाई ओरडली.

"या, या! जेवूनच जा!" भांडारपाल त्याहून मोठ्याने ओरडले आणि फोन बंद झाला.

कॅमेरा आत, सूक्ष्मदर्शक आत, टाक्या आत. बाईने कपाळावर हात मारला आणि फरशा घरी आणल्या. मोरीतल्या मोठ्या टबात समुद्राचं पाणी ओतून त्यात त्या उभ्या रचल्या. सकाळी दुसरी चावी मागायला संचालकांकडे निघताना चपला घालता घालता ती एवढंच म्हणाली, "आई, मोरीत फरशा आहेत हं."

आता घोळ कसा झाला तो बघा. शेगडीमागच्या भिंतीच्या फरशा फुटल्या होत्या. फोडणीचं तेल उडून उडून भिंत काळी पडली होती. सासूबाई रोज सांगत, सूनबाई रोज "आणते, आणते" म्हणत. आणि आज तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, फरशा आहेत.

संचालकांकडे दुसरी चावी होती, पण ती द्यायला अर्ज हवा होता, अर्जावर भांडारपालांची सही हवी होती आणि भांडारपाल पंगतीत होते. अर्धा दिवस भांडून बाईने चावी मिळवली. घरी आली तर ओट्यापाशी एक गवंडी उकिडवा बसून सिमेंट कालवत होता, आणि मोरीच्या दाराबाहेर तिच्या सगळ्या फरशा उन्हात ओळीने उभ्या होत्या. स्वच्छ. लख्ख स्वच्छ. शेजारी ब्लीचिंग पावडरचा डबा आणि तारेची घासणी.

बाईने खांद्यावरची पिशवी खाली टाकली.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आलीस? कुठल्या भंगारातून उचलल्यास ग असल्या? वास तर असा येत होता की विचारू नकोस. माझी कंबर मोडली घासून घासून."

"आई, काय केलंत हे!"

"काय केलं म्हणजे? तू करणार होतीस का?"

"दोन्ही बाजू घासल्यात?"

"मग? मी काय अर्धवट काम करते? खालची बाजू तर जास्तच घासली. सिमेंट नीट धरायला नको?"

बाई फरशांपाशी बसली. "वर्षाची मेहनत माझी! वर्षाची! तळाशी जाऊन लावल्या होत्या मी त्या. उद्या बैठक आहे. उद्या!"

"मग सांगायचं नाही का? फरशा आहेत म्हणालीस. फरशांचं माणूस काय करतं? भिंतीला लावतं."

"सांगितलं तर ऐकता का तुम्ही?"

"ऐकलं म्हणूनच घासल्या ना!"

गवंड्याने मध्येच तोंड घातलं. "बाई, भांडण सावकाश करा, पण माल कालवलाय. सुकला की दगड होतोय."

"उठा!" बाई त्याच्यावर कडाडली. "एकाही फरशीला हात लावाल तर बघा!"

"आमचं काय," गवंडी म्हणाला, "हे सिमेंट आता डोक्याला लावू का?" आणि थापी आपटत तो निघून गेला. जाताना एवढं मात्र बोलून गेला की शिकलेल्यांच्या घरी काम घेऊ नये असं त्याचे वडील सांगायचे.

बाई डोकं धरून बसून राहिली. सासूबाईंचं तोंड चालूच होतं. माणूस रागावलं की दुसऱ्याचं बोलणं त्याला पावसाच्या आवाजासारखं ऐकू येतं, येतं आणि जातं. "...गुणाचं नाव नाही, उलट मलाच बोलते. बोटं बघ माझी, सोलून निघाली. आणि तरी ते खालचे दाणे काही निघेनात मेले. घासणीच्या तारा वाकल्या, पण ते हलतील तर शपथ. कसली भिकार फरशी आणलीस..."

बाईने मान वर केली. "काय निघेना?"

"मघापासून काय सांगतेय? दाणे. खरखरीत, पांढरे. साखर सांडून चिकटल्यासारखे."

बाईने जवळची फरशी उलटी केली. बोट फिरवलं. टोचलं. तिने पिशवी उपसून भिंग काढलं, फरशी उन्हात तिरपी धरली आणि श्वास रोखून पाहिलं. इवलीशी गोल वाटी, आत चाकाच्या आऱ्यांसारख्या पडद्या. दुसरी, काठ तुटलेली. तिसरीचा नुसता बुडखा. पलीकडे दोन एकमेकांना खेटून. पोवळं बसताना आपलं घर दगडाला सांधूनच बसतं. वरचं अंग घासून जातं, घर सहज सुटत नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही पिल्लं आहेत. पोवळ्यांची."

सासूबाईंचा हात पदरातच राहिला. "जिवंत?"

"काल होती."

म्हातारी उंबऱ्यावर बसली. आपल्या सोललेल्या बोटांकडे ती बघत राहिली. मुंगीलासुद्धा झाडूने न मारता कागदावर घेऊन बाहेर सोडणारी बाई ती. "देवा रे," ती पुटपुटली. "मी पोरं घासली?"

आता सूनबाईला गप्प बसता आलं असतं. रागाचं व्याज वसूल करायची याहून चांगली संधी कुठली? पण तिला ते साधेना. "नाही हो आई. मोजण्यासाठी मीही त्यांना त्याच पावडरच्या पाण्यात घालणार होते. त्याशिवाय ही घरं दिसत नाहीत. ती माझ्या हातूनही वाचली नसती."

सासूबाईंनी डोळे पुसले, जरा विचार केला आणि एकदम भडकल्या. "मग मघापासून बोंबलत कशाला होतीस ग?"

"तारेच्या घासणीनं घासलंत म्हणून! किती पडली, कुणाला माहीत!"

त्या संध्याकाळी बाईने प्रयोगशाळेत फरशांवरची घरं मोजली. अख्खी वेगळी, मोडकी वेगळी, बुडखे वेगळे. संचालकांना सगळं सांगितलं तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "घासणीचं बोलू नका हं बैठकीत! कोण विचारतंय? संस्थेचं हसं होईल."

"आणि विचारलं तर?"

"तर मी रजेवर आहे."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर उभी राहिल्यावर बाई पहिलं वाक्य घासणीचंच बोलली. खडक वाचायला तिला हवाच होता, पण खोट्याच्या पायावर तो उभा राहिलेला तिला नको होता. खोलीत हशा उसळला. बंदराच्या इंजिनिअरला तर पर्वणीच. तो उठून म्हणाला, "म्हणजे मॅडम, तुमच्या सासूबाईंनी पुरावा धुऊन काढला, आणि तो आम्ही मानायचा?"

"किती पडली ते मी सांगू शकत नाही," बाई म्हणाली. "उरली तेवढीच मोजली आहेत."

समितीच्या अध्यक्षा या निवृत्त न्यायाधीश. चष्मा नाकावर, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. त्यांनी एक फरशी मागून घेतली, उलटी केली आणि अंगठा फिरवून बघितला. मग इंजिनिअरला विचारलं, "घासल्यावर वस्तू कमी होते की वाढते?"

"कमी होते, पण..."

"घासणीतून पोवळी उगवतात का?"

"तसं नाही, पण पद्धत..."

"पद्धत चुकली, हे बाईंनी स्वतः सांगितलं. तुमच्या अहवालात खडक मेलेला आहे. मग हे कुणाचं?" त्यांनी फरशी टेबलावर ठेवली. "पक्का आकडा आज कुणाकडेच नाही. नव्या फरशा लावा. वर्षभर त्या खडकाला यंत्र लागणार नाही."

"वर्षाने काय होणार आहे?" इंजिनिअर धुसफुसला.

"खडकावरची पिल्लं मोठी होणार," बाई म्हणाली.

घरी येऊन तिने पिशवी कोपऱ्यात फेकली. "पुन्हा पहिल्यापासून! पुन्हा तेच गार पाणी, तेच बोल्ट, तोच भांडारपाल. फोडू नका असं एकदाच सांगायला काय जातं यांचं?"

"वर्ष मिळालं ना?" सासूबाई म्हणाल्या. "पोरांना वाढायला वर्ष मिळालं, आणि ही रडतेय. जेव आधी."

जेवताना बाई चिडलेलीच होती. हात धुतानाही चिडलेलीच होती. पण पहाटेला ती बोटीत बसली.

बरं मंडळी, आपण इथे कोरड्या जागी बसलो आहोत. ती आत्ता पाण्याखाली असेल. कानांत दडे बसले असतील, बोटं आखडली असतील, एखादा बोल्ट फिरत नसेल आणि तोंडात नळी असल्यामुळे तिला धड शिवीही देता येत नसेल. तिला ना हरिनाम ऐकू जातं, ना आपल्या टाळ्या. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. आज निजण्याआधी हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की एक क्षण तिचीही आठवण ठेवा.