काचेवरचं प्लॅस्टिक

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट पाच वर्षं पिशवीत आहे, बटणं आंधळ्यासारखी चाचपायची. नव्या कोऱ्या गाडीलाही बाबांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. सीटवर प्लॅस्टिक, मीटरच्या काचेवरही प्लॅस्टिक, त्यावर कंपनीचं जाडजूड स्टिकर.

महिन्याभरात गाडी भर रस्त्यात बंद पडली. ओढून वर्कशॉपमध्ये आणली. मेकॅनिकने बॉनेट खाली केलं.

"इंजिन बसलं. ऑइल सगळं गळून गेलं आणि तुम्ही तशीच दामटलीत. लाल दिवा दिसला नाही?"

"लागलाच नाही," बाबा म्हणाले.

मेकॅनिकने चावी फिरवली आणि काचेवरचं प्लॅस्टिक टर्रकन ओढलं. स्टिकर होतं तिथे लाल दिवा जळत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. ती गुडघ्यापाशीच विझली.

बाबांनी मेकॅनिकच्या हातातून ते प्लॅस्टिक घेतलं, शर्टाला पुसलं आणि काचेवर परत नीट बसवलं.

"इंजिन काय, कंपनी नवं बसवून देईल," ते म्हणाले. "काचेवर ओरखडा नको."