थर्झाच्या मागचं अस्वल

लेम स्ट्राउडच्या शब्दावर डेन्व्हरमध्ये कुत्रंसुद्धा विश्वास ठेवत नसे, आणि त्यात कुत्र्याची काही चूक नव्हती. आपलं खेचर शिंकलं नि अख्ख्या डोंगराचा बर्फ खाली आला, असं सांगत फिरणाऱ्याचं कोण ऐकणार? मग हाच लेम, धंद्यानं फोटोग्राफर, येऊन म्हणाला, वर डोंगरात एका कड्यावरून दोन धबधबे पडतात आणि अधांतरी वेणीसारखे गुंफले जातात. लोक पोट धरधरून हसले. आता हे मात्र खरं होतं. त्याच्या बायकोनं, थर्झानं, स्वतः पाहिलं होतं. फोटो आणला नाही तर हिवाळाभर दोघांना तोंड दाखवायची सोय नव्हती.

म्हणून दोघं वर आली. येताना खेचर फोटोच्या काचांच्या पेटीवर बसलं आणि एकच काच वाचली. वर आभाळ बर्फानं जड झालेलं.

लेमचा कॅमेरा दोन डोळ्यांचा. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी उमटायचे, आणि ते दोन भिंगांच्या डब्यातून पाहिले की डोंगर अंगावर यायचा. पण त्यासाठी पुढे कुणीतरी माणूस उभा हवा. ते काम थर्झाच्या भावाचं. मागच्या खेपेला त्याला कड्याच्या टोकावर उभं केलं, तेव्हापासून तो स्टुलावर चढायलाही तयार नव्हता. मग उभी राहिली थर्झाच, मागे झुडपं, त्यापलीकडे दरी नि धबधबे.

काचेला औषध फासलं होतं. ती ओली असतानाच फोटो काढायचा, ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सुकली की खेळ खलास.

लेमनं भिंगांवरचं झाकण काढलं नि मोठ्यानं आकडे म्हणायला लागला. ते संपेपर्यंत जे हलेल ते फोटोत पुसट. थर्झा दगडासारखी. अर्ध्यावर त्याचा आवाज रेंगाळला. तोंड पिठासारखं पांढरं पडलं.

"हलू नकोस हं, थर्झा," तो हळूच म्हणाला.

लग्नापासून हा माणूस तिच्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता. मग भिजल्या घोंगडीसारखा वास आला, आणि मानेवर कुणाचा तरी ऊन श्वास. हा 'हलू नकोस' म्हणतोय ते माझ्यासाठी की काचेसाठी? तिला कळेना. विचारावं तर ओठ हलणार.

आकडे संपले. झाकण बसलं. आता तंबूकडे धावायला हवं होतं, पण लेम जागचा हलेना.

"काच सुकतेय, गाढवा," ती दातांआडून म्हणाली.

लेमनं काळं फडकं डोक्यावरून ओढलं, कॅमेरा तिन्ही पायांसकट उचलला आणि बोंबलत सुटला थेट तिच्याकडे. दोन चकचकीत डोळे, तीन लाकडी पाय, वर काळं धूड. असलं जनावर त्या अस्वलानं सात पिढ्यांत पाहिलं नसावं. थर्झा वळेपर्यंत झुडपांतून पळणारं ढुंगण तेवढं दिसलं. मग तिनं काच हिसकावली आणि तंबू गाठला. एक कोपरा सुकलाच, बाकी वाचलं.

डेन्व्हरात दुकानभर माणसं जमली. डब्याला डोळे लावून एकेकानं धबधबे कबूल केले. मग न्हावी म्हणाला, "ते ठीक आहे, लेम. पण पेंढा भरलेलं अस्वल एवढ्या वर नेलंस कसं? खरं असतं तर हललं नसतं?"

सगळे खिंकाळले. थर्झानं डबा घेतला. तोवर तिनं त्यातून पाहिलंच नव्हतं. धबधबे मागे, ती पुढे, आणि तिच्या खांद्याला नाक टेकवून, केस न् केस मोजावा असं ते अस्वल.

ती होती तिथेच जमिनीवर बसली. लेम धावला.

"पेंढा होता ना," ती न्हाव्याला म्हणाली. "माझ्या पायांत."