सव्वीस तास आणि एक नारळ

सुधींद्रला विमान चालवता येतं हे तिघांना ठाऊक होतं: त्याला स्वतःला, मेकॅनिक उमाजीला आणि वर देवाला. ज्यांना ठाऊक असायला हवं ते त्याचे मास्तर खंडोजीराव मात्र कबूल करायला तयार नव्हते, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

गोष्ट सत्तावन्न सालची. बंगळूरच्या उत्तरेला माळावर एक फ्लाइंग क्लब होता. तिथली बाकीची मंडळी दहा-बारा तास मास्तरांबरोबर उडायची आणि मग एक दिवस मास्तर विमानातून उतरून म्हणायचे, जा, एकटा चक्कर मारून ये. त्याला सोलो म्हणतात. सोलो झालं की माणूस वैमानिक, तोवर तो नुसतं सामान. सुधींद्रचे सव्वीस तास भरले होते आणि तो अजून सामानच होता.

विमान दोन पंखांचं, वरून उघडं. पुढच्या जागेवर खंडोजीराव, मागच्या जागेवर सुधींद्र, आणि दोघांच्या मध्ये बोलायला एक रबरी नळी. त्या नळीतून खंडोजीराव अखंड बोलत. नाक खाली घे, डावा पाय दे, लग्नात मिरवतोस काय, इथपासून सुरुवात व्हायची आणि गाडी त्यांच्या धाकट्या मेव्हण्याच्या लबाडीपर्यंत जायची. खाली उतरल्यावर सुधींद्रनं सोलोचं विचारलं की म्हणायचे, स्वल्प थांब. आज वारा आडवा आहे. आज ढग आहेत. एकदा तर म्हणाले, आज अमावास्या आहे. आता अमावास्येचा आणि भर सकाळच्या उन्हाचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

शेवटी सुधींद्र वैतागला. आनेकलच्या वाटेवर नवी शाळा निघाली होती. तिथले कॅप्टन देवाप्पा कामापुरतंच बोलतात आणि वेळेवर सोलोला सोडतात, अशी त्यांची ख्याती. सुधींद्र कचेरीतून परस्पर जाऊन भेटून आला. देवाप्पांनी त्याची उड्डाणवही चाळली, आणि जुन्या मास्तरांचं पत्र आण म्हणजे हे सव्वीस तास धरू, असं सांगितलं. पत्र नसेल तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. आणि खंडोजीरावांकडे पत्र मागायचं म्हटलं की सुधींद्रच्या तोंडचं पाणी पळायचं. पंधरा दिवस तो रोज ठरवायचा आणि रोज गप्प बसायचा.

त्यात त्यानं घरी जयनगरला अण्णांजवळ तोंड उघडलं. ही त्याची घोडचूक. अण्णा म्हणजे त्याचे वडील, शेषगिरीराव, संस्कृतचे निवृत्त मास्तर. त्यांनी विमानाबिमानाचं काही ऐकलंच नाही. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की पोरगा गुरू बदलतोय आणि तोही गुरूला न सांगता. त्यांच्या लेखी हे मठ बदलण्यासारखं. सात पिढ्यांत घरात कोणी मठ बदलला नव्हता, आणि इथे चिरंजीव चोरून दुसऱ्या मठात जाऊनसुद्धा आले होते. अर्धी विद्या एकाची आणि अर्धी दुसऱ्याची, परवानगी न घेता जोडली तर ती ऐन वेळी आठवत नाही, असा त्यांचा सिद्धांत. हजार फुटांवर विद्या आठवली नाही तर काय होईल, हे बोलून त्यांनी सुधींद्रच्या आईलाही रडवलं.

रविवारी सकाळी अण्णा स्वतः निघाले. जरीकाठी धोतर, डोक्याला रुमाल, हातात तबक. तबकात नारळ, विडे, केळी आणि गुरूला द्यायचं नवं उपरणं. मागून सुधींद्र, बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखा. हँगरच्या दारात खंडोजीराव इंजिनात डोकं घालून उभे होते. अण्णांनी तबक पुढे केलं आणि सुधींद्रला फर्मावलं की साष्टांग घाल. ग्रीस सांडलेल्या फरशीवर, कॅनव्हासची टोपी आणि गॉगल घालून सुधींद्र आडवा झाला. उमाजीच्या हातातला पाना खाली पडला.

अण्णांनी शुद्ध भाषेत निवेदन केलं: शिष्य दुसऱ्या गुरूकडे जाऊ इच्छितो, आपण प्रसन्न मनानं आज्ञा द्यावी.

सुधींद्रला वाटलं, आता पाना आपल्याच डोक्यात बसणार. पण खंडोजीराव उपरण्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत शंभरएक पोरं त्यांच्या हातून उडून गेली होती. कोणी सिगारेटचं पाकीट दिलं, कोणी तेही नाही. त्यांनी हात पुसले, उपरणं खांद्यावर घेतलं, आणि डोळे भरून आलेले लपवले नाहीत.

"शेषगिरीराव, तुमचा पोरगा अकराव्या तासालाच तयार झाला होता," ते म्हणाले. "मीच सोडला नाही. बायको गेली. घरी पोरं इंग्रजी बोलतात, सुना कन्नड. इथल्या बाकीच्या शिष्यांना मराठी येत नाही. अख्ख्या दिवसात मराठी बोलायला मला ही एवढी नळी उरली होती. एकटा उडाला असता तर मी कुणाशी बोललो असतो?"

सुधींद्रला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या पाठोपाठ वाईटही वाटलं.

खंडोजीरावांनी मग निकाल दिला. अर्धा शिकलेला शिष्य दुसऱ्याच्या दारात पाठवला तर गुरूचंच नाक कापलं जातं. तेव्हा आत्ता, याच पावली एकट्यानं चक्कर मारून यायची, मग पत्र.

उमाजीनं पंखा फिरवला. सुधींद्र उडाला. पुढची जागा रिकामी, नळीत चकार शब्द नाही. तो वर मोठ्यानं हसला, थोडा रडला, आणि खाली येताना तीन वेळा उसळला, पण धडधाकट उतरला. टोपी काढून धावत हँगरपाशी आला.

तिथे दोघं म्हातारे लाकडी खोक्यावर बसले होते. शहाजीराजांबरोबर बंगळुरात आधी कोण आलं, घोड्यावरचा खंडोजीरावांचा पूर्वज की कागदपत्रं घेऊन मागून आलेला अण्णांचा, यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. सुधींद्र खाकरला. खंडोजीरावांनी विचारलं, अजून गेला नाहीस?

आता पाहिलं नाही म्हटल्यावर सही कशी करणार? उमाजीनं पाहिलं होतं, पण उमाजीची सही चालत नाही. सुधींद्रला पुन्हा जावं लागलं. या खेपेला खंडोजीराव माळाच्या मध्यावर जाऊन, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून उभे राहिले, ते चाकं गवताला टेकेपर्यंत हलले नाहीत. चाकं अलगद टेकली.

त्यांनी वहीवर सही केली, पत्र लिहिलं. सुधींद्रचा पाय निघेना. सोलो तर झालंच, मी राहतो इथेच, असं तो पुटपुटला. खंडोजीरावांनी पत्र त्याच्या खिशात कोंबलं.

"शब्द दिलाय मी. आणि देवाप्पा मास्तर चांगला आहे, मीच शिकवलाय त्याला. तू खुशाल जा," ते म्हणाले. "अण्णांना मात्र दर रविवारी इकडे धाडत जा."