दिवा विझेपर्यंत

चष्मेवाले स्टुलावरून उतरले, गाडीच्या उघड्या दारातून कसेबसे आत घुसले आणि आरशाखालचं बटण दाबलं. गॅरेजचं दार जागचं हललं नाही. छताला टांगलेल्या मोटरीचा दिवा ते गाडीत बसायच्या आधीच विझला होता.

“हात मेल्या,” ते मोटरीला म्हणाले. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे हल्ली ते यंत्रांशी बरंच बोलत.

जुन्या गाडीने मान टाकली म्हणून घेतलेली ही गाडीही जुनीच, पण त्यांच्या मानाने नवी. तिच्या आरशाखाली तीन बटणं होती. त्यांतलं एक गॅरेजच्या दाराशी जुळवलं की हातातल्या रिमोटची कटकट संपते, असं विकणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. काम दोन टप्प्यांचं. रिमोट आरशापाशी धरून दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची, म्हणजे गाडी त्याची खूण शिकून घेते. हे सकाळीच झालं होतं. मेख होती ती पुढे. मोटरीवर एक बटण असतं, ते दाबून सोडलं की दिवा लागतो. तो जेमतेम अर्धं मिनिट टिकतो, आणि तेवढ्यात खाली येऊन, गाडीत बसून आरशाखालचं बटण दाबायचं. ज्याने कोणी ही पद्धत आखली त्याच्या घरात माणसं भरपूर असावीत.

दार बसवलं तेव्हा तेही दोघं होते. हे स्टुलावर आणि लेक तिच्या गाडीत. “दाबलं,” असं यांनी वरून सांगायचा अवकाश, तिने खाली तिच्या रिमोटचं बटण दाबलं होतं. दार घरघरत वर गेलं तेव्हा ती हॉर्न वाजवून इतकी हसली की शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं.

त्या बाईंना आजही हाक मारता आली असती. त्या आल्याही असत्या, पण लेकीची चौकशी केल्याशिवाय परत गेल्या नसत्या. त्यापेक्षा गुडघा दुखलेला परवडला.

ते पुन्हा चढले. मघाशी आपण बटण नीट दाबलंच नसेल, अशी शंका त्यांना आली. सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेलं. भिंग फ्रेममध्ये बसवताना अंगठा दाबून धरायचा आणि ते बसल्याचं बोटाला कळल्याखेरीज सोडायचा नाही, ही हाताची सवय. तसाच त्यांनी बटणावर अंगठा टेकवला आणि दाबून धरला. दिवा लागला, बराच वेळ राहिला आणि विझला. बसलं एकदाचं, असं म्हणून ते समाधानाने खाली उतरले.

आरशाखालचं बटण मुकं. रिमोट दाबून पाहिला, तर तोही मुका. भिंतीवरच्या बटणाने मात्र दार निमूट वर गेलं आणि खाली आलं. चष्मेवाल्यांनी दार बसवून देणाऱ्या कारागिराला फोन लावला.

“किती वेळ दाबून धरलंत, काका?”

“दिवा विझेपर्यंत.”

“मग गेलं सगळं. तेवढं धरलं की मोटर सगळे रिमोट विसरते. कुणाचा रिमोट हरवला, चोरीला गेला, तर आम्हीच तसं करायला सांगतो.”

“सगळे म्हणजे?”

“जोडलेले होते तेवढे सगळे. त्यात काय, एकेक रिमोट घ्यायचा आणि परत जोडायचा. चुटकीसरशी होतं.”

“आणि एखादा इथे नसला तर?”

“तो आणावा लागणार. त्याशिवाय मोटर त्याला ओळखणार कशी?”

फोन ठेवून ते स्टुलावरच बसले.

जो इथे नव्हता तो रिमोट लेकीकडे होता. बापाच्या दुकानात डोळे तपासायला शिकली आणि नोकरी धरली ती चौकातल्या चष्म्यांच्या मोठ्या, काचेने मढवलेल्या दुकानात, ज्याने यांची निम्मी गिऱ्हाइकं पळवली होती. तेव्हा यांची जीभ सुटली. “जायचं तर घराची किल्ली ठेवून जा,” असं ते म्हणाले, आणि तिने आवाज न करता किल्ली टेबलावर ठेवली. पुढे त्या दुकानाने तिला दुसऱ्या गावी पाठवलं. अधूनमधून फोन होत. औषधं घेता ना, घेतो. तब्येत बरी ना, बरी. मात्र गाडीत काचेजवळ अडकवलेला गॅरेजचा रिमोट तिने परत दिला नव्हता. विसरली की मुद्दाम ठेवला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच त्यांना धास्ती होती. गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायच्या दाराला मात्र त्यांनी तेव्हापासून कडी लावली नव्हती.

किल्ली मागितली ती निदान रागाच्या भरात. हे तर शांतपणे, अंगठा टेकवून केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. सरळ सांगून टाकायचं ठरवून त्यांनी तिला फोन लावला, आणि तिने तो उचलेपर्यंत धीर सुटला.

“बाबा? सगळं बरं आहे ना?”

“हो, हो. गाडी घेतली. गॅरेजचं दार तिला जोडतोय.”

“एकटेच? स्टुलावर चढलात?”

“चढेन आता सावकाश. कारागीर म्हणतो, जुने रिमोट सगळे पुसा आणि नव्याने जोडा. म्हटलं, तुला विचारावं. तुझ्याकडचा बंद पडेल. तुला तसा तो काही लागत नसेल.”

पलीकडे तिने कुणाला तरी हळूच “एक मिनिट” म्हटलं. दार लोटल्याचा आवाज आला. चष्मेवाल्यांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

“पुसू नका,” ती म्हणाली.

“नको?”

“गाडी बदलली तेव्हा आठवणीने काढून घेतला मी तो. नव्या गाडीत लावलाय. कधी तिकडे आले तर... असू दे माझा.”

“बरं. मग नाही पुसत.”

“नक्की?”

“नक्की. तुझं बटण चालेल.”

आयुष्यात त्यांना धड खोटं बोलता आलं नव्हतं. आज कसं जमलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. आनंद इतका झाला होता की स्टुलावरून उठवेना, आणि त्या आनंदातच जीव टांगणीला लागला होता. ती कधी येणार ते बोलली नव्हती. उद्या येईल, वर्षाने येईल, येणारही नाही. पण आलीच, तर गाडी दारासमोर उभी करून बटण दाबेल. दार हललं नाही, तर उतरून बेल वाजवायची नाही. बापावरच गेली होती ती. गाडी तशीच मागे घेईल आणि निघून जाईल.

ते उठले. भिंतीवरचं बटण दाबून दार वर घेतलं, गाडी बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला लावली. मग परत येऊन स्टुलावर चढले आणि मोटरीचा प्लग उपसून ठेवला. दार आता वरच राहणार होतं.

संध्याकाळी शेजारच्या बाई कुंपणाशी थांबल्या.

“अहो, तुमच्या गॅरेजचं दार उघडंच राहिलंय.”

“माहीत आहे,” चष्मेवाले म्हणाले, आणि रिकाम्या गॅरेजची फरशी झाडू लागले.