उजवीकडचा खिसा

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याच्या दुकानातली, लांब पात्यांची, कापड कापायची. मित्रांनो, माझ्यात एक वेगळेपण आहे, ते आधीच सांगून टाकते. मी डावखुऱ्या हातासाठी घडवलेली आहे.

बाई गेल्या हे मला कोणी सांगितले नाही. पंधरा दिवस मी खिळ्यावर लटकून होते. बाई दवाखान्यात होत्या आणि दुकान बंद होते. सोळाव्या दिवशी सकाळी मास्तरांनी कुलूप काढले, टेबलावर कापड पसरले आणि मला उजव्या हातात धरले. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. त्यांची स्वतःची कात्री शेजारीच पडली होती. कापड काही कापले गेले नाही, माझ्या पात्यांमध्ये नुसते दुमडले. मास्तरांनी पुन्हा जोर केला, पुन्हा दुमडले. बाई असत्या तर त्यांनी मला दुसऱ्या हातात जाऊच दिले नसते. तेव्हा मला कळले.

त्या दिवसापासून मास्तरांना एक काम करायचे आहे. शहराच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात एक कोट आहे. तो बाईंनी माझ्याच पात्यांनी कापला होता. खालच्या पाटीवर लिहिले आहे, 'आपल्या पूर्वजांचा कोट. आतला उजवीकडचा खिसा ही आपली जुनी खूण.' ही पाटी मास्तरांना बदलून घ्यायची आहे. ती का बदलायची, हे कळण्यासाठी माझी हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म सीमेपलीकडचा. बाईंचे वडील लोहार होते. लेक डावखुरी, आणि शिवणकामाची आवड. इतरांच्या कात्र्यांनी तिच्या बोटांना फोड येत. म्हणून वडिलांनी पाती उलट बसवून मला घडवले. पुढे तिकडे जगणे कठीण झाले आणि माणसे निघाली. बाईही निघाल्या. परकराच्या घड्यांत गुंडाळून मला पेटीत ठेवले होते. सीमेवरच्या अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली.

"हे काय? हत्यार?" त्याने विचारले.

"पोटाचं हत्यार, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांना इकडची भाषा इतकीच येत होती. मग त्यांची नजर त्याच्या बाहीवर गेली. एक बटण दोऱ्याला लोंबत होते. बाईंनी त्याचा हात धरला, मी दोरा कापला, आणि त्यांनी उभ्याउभ्या बटण लावून दिले. साहेबाने शिक्का मारला. रांग मोठी होती, पण तो बराच वेळ बटणच बघत राहिला.

इकडे बाईंना या दुकानात काम मिळाले. मास्तर तेव्हा तरुण होते आणि त्यांची आई खिडकीशी बसून काजे करायची. बाईंचे नाव तिने घेतले नाही. 'पलीकडची' म्हणायची. वर्षभराने मास्तरांनी बाईंशी लग्न केले, तेव्हा ती म्हणाली, "कात्री डावी, हात डावा. आता संसार तरी सरळ कर म्हणजे झालं."

बाई म्हणाल्या, "आई, तुम्ही कॉलर करता तशी मला शिकवा. संसाराचं मी बघते."

म्हातारीची कॉलर खरोखर नामी होती. अस्तर दुहेरी घालून ती अशी उभी करायची की वारा मानेला शिवत नसे. बाई ती शिकल्या. पण खिसा त्यांनी आपला घातला. पलीकडून आलेल्या माणसाला कागद अंगावरच बाळगावे लागत. कोण कधी अडवेल आणि मागेल, नेम नसे. इकडच्या कोटांना तेव्हा बाहेरचेच खिसे असत. बाईंनी पहिलाच कोट एका बस कंडक्टरचा कापला आणि सवयीने आत एक खिसा ठेवला. तोही उजव्या बाजूला, कारण त्यांचा हात डावा. गिऱ्हाइकाचा हात उजवा असतो, हे त्यांच्या डोक्यातच आले नाही.

कंडक्टर तणतणत आला. "मास्तर, हा खिसा कोणासाठी? माझ्यासाठी की माझ्या आरशासाठी?"

म्हातारी काजावरून मान वर न करता म्हणाली, "सांगितलं होतं मी."

मास्तरांनी त्याला कसेबसे समजावले, आठ दिवस वापरा, नाही आवडला तर फुकट बदलून देतो. आठ दिवसांनी तो आला, पण बरोबर आणखी तीन कंडक्टर होते. धावत्या बसमध्ये उजवा हात दांडीला धरलेला असतो. मोकळा असतो तो डावा. तिकिटांचा गठ्ठा उजवीकडच्या खिशात, डाव्या हाताला आयता. पुढे टपालवाले आले, मग शाळेतले शिक्षक, मग वकील. पुढे कंडक्टरांच्या सरकारी गणवेशातच तसा खिसा आला. बाकीचे शिंपीही तसाच ठेवू लागले. चार-पाच वर्षांत शहरात आतला खिसा डावीकडे असलेला कोट दिसला तर लोक विचारायचे, "कुठले हो तुम्ही?"

शेवटी म्हातारीने स्वतःच्या कोटालाही तो खिसा लावून घेतला. शेजारीण म्हणाली, "हे पलीकडच्या सुनेचं वाटतं?" म्हातारी ठसक्यात म्हणाली, "छे! आमच्या घरात पहिल्यापासून असाच." सुनेचे कौतुक करायची तिची हीच रीत होती. बाई पाठ फिरवून हसल्या. ती माझी चांगली वर्षे. दर महिन्याला धारवाला यायचा, बाई मला तेलाचा थेंब द्यायच्या आणि म्हणायच्या, "हिला हात लावाल तर याद राखा."

मग काही वर्षांनी हवा बदलली. पलीकडच्यांनी आपली कामे घेतली, आपल्या चालीरीती बिघडवल्या, असे लोक बोलू लागले. दुकानासमोरच्या चौकात एक पुढारी भाषण करत होता. त्याने डावा हात कोटाच्या आत, उजवीकडे घातला आणि भाषणाचा कागद काढला. मास्तर रागाने लाल झाले. बाई दारातून बघत म्हणाल्या, "अहो, हात बरोबर जातोय बघा. खिसा चांगला बसलाय."

त्याच महिन्यात संग्रहालयाचा माणूस वही घेऊन आला. त्यांना कपाटात ठेवायला इथल्या पद्धतीचा एक कोट हवा होता. त्याने विचारले, "हा उजवा खिसा कोणी काढला?" दुकानात दोन गिऱ्हाइके बसली होती. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे पहिल्यापासून असाच." आईचेच शब्द होते, पण आईने ते कौतुकाने म्हटले होते. मी तेव्हा बाईंच्या हातात होते. त्या अर्ध्या कापात थांबल्या. मग पुढे कापत राहिल्या. त्या विषयावर घरात कधी बोलणे झाले नाही. तेव्हा कापत होत्या तोच कोट शिवून बाईंनी संग्रहालयाला दिला. पुढे हवा पुन्हा शांत झाली, पण पाटी तशीच राहिली.

बाई गेल्यावर महिन्याने मास्तरांनी मला फडक्यात गुंडाळले आणि संग्रहालयात नेले. तिथल्या अधिकारी बाई अदबीने बोलणाऱ्या होत्या. त्यांनी जुनी वही काढली.

"आजोबा, ही माहिती तुमचीच आहे. खाली तुमची सही आहे बघा."

"आहे. मी खोटं सांगितलं होतं. खिसा माझ्या बायकोनं काढला, ती पलीकडची."

"का पण?"

"भ्यालो. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून." मास्तरांनी फडके उलगडून मला बाहेर काढले. "ती तिथंच उभी होती."

त्यांनी सहीवर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "म्हणजे हा कोट आपला नाही, असं लिहायचं का?"

"असं कुठं म्हटलं मी? आपलाच आहे. कॉलर माझ्या आईची, खिसा बायकोचा. आणि तीही आपलीच. फक्त आली तिकडून."

"एवढं सगळं पाटीवर बसायचं नाही, आजोबा."

"मग पाटी मोठी करा."

त्या हसल्या. म्हणाल्या, पुरावा म्हणून ही कात्री द्या, कोटाशेजारी ठेवू, मग पाटीही बदलता येईल. त्यासाठी हा फॉर्म पूर्ण भरून आणा. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी समिती परत पाठवते.

मास्तर फॉर्म घरी घेऊन आले. वस्तू काय, वापर काय, वापरणाऱ्या व्यक्तीचे नाव, सगळे लिहिले. बाईंचे नाव सावकाश, गिरवून लिहिले. मग आला रकाना, 'वस्तूचे मूळ ठिकाण'. एक शब्द मावेल एवढी जागा. तिकडचे लिहिले तर लोक म्हणणार, बघा, खिसा परका निघाला. इकडचे लिहिले तर पुन्हा तेच खोटे. मास्तरांनी मला उलटसुलट करून पाहिले. मी घडले तिकडे हे खरे. पण चाळीस वर्षांच्या धारेत माझे निम्मे पोलाद इथल्या दगडावर झिजले आहे. मधला खिळा इथल्या लोहाराने दोनदा बदलला. मुठीवरची चिंधी म्हातारीच्या कोटाची आहे. मला विचारले तर मलाही एका शब्दात सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. घरातल्या जुन्या वस्तू कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि एखादी गोष्ट 'आपली पहिल्यापासूनची' आहे असे कोणी म्हणाले, तर पहिल्या दिवशी ती कोणाच्या हातात होती, एवढे विचारा. विचारायला उशीर करू नका. उत्तर देणारी माणसे राहत नाहीत.

मास्तर रोज सकाळी टेबलाशी बसतात, फॉर्म उघडतात आणि मिटून ठेवतात. मूळ ठिकाणाचा रकाना अजून भरलेला नाही. पाटी अजून तीच आहे.